बोंबलाचा डबा

"माळ काढली तर मी परत यायची नाही, सिस्टर." ऑपरेशन थिएटरच्या दारात आजींनी गळ्यातली तुळशीची माळ घट्ट धरली.

"मग तुम्ही येईपर्यंत मी घालते," म्हणत हेमलतानं ती स्वतःच्या गळ्यात घातली. नवरा गेल्यापासून तिनं देवाला हात जोडले नव्हते. ही नुसती म्हातारीची समजूत.

दुपारी तिनं डबा उघडला. बोंबलाचं कालवण. माळकरी माणूस मासे खात नाही. 'मी कुठं माळकरी?' म्हणत तिनं घास उचलला. पण आत काही झालं तर? घास तिनं खाली ठेवला.

डॉक्टर बाहेर आले. "ऑपरेशन झालं, पण दोन दिवस काही सांगता येत नाही."

हेमलतानं घरी फोन लावला. "आई, उद्या डब्यात मासे नको हं. परवाही नको."