जुन्या वळणाचा पोचा

आमच्या कारखान्यात नव्या कोऱ्या गाड्या जुन्या रुपड्याच्या बनतात. गोल दिवे, गुबगुबीत मडगार्ड. मी शाळेत फारशी गेले नाही, पण ठोक्याच्या आवाजावरून पत्र्याची जात सांगते.

वर्षातली एकुलती ऑर्डर न्यायला गिऱ्हाईक येणार, त्याच सकाळी माझ्या धाकट्या मुलाने थोरल्याला डिवचलं, "दादा, हाताने पत्रा ठोकणं सोड, फायबर लाव. तुझ्या डोक्यापेक्षा जास्त टिकेल."

थोरल्याने त्याची मानगूट धरली आणि डोकं गाडीच्या दरवाजावर आपटलं. धाकट्याने पान्याने त्याचे दोन दात पाडले. मी दोघांच्याही कानाखाली जाळ काढला. क्रीम रंगावरचं रक्त पुसलं, पण दरवाजाला पडलेला पोचा कसा पुसणार? ही ऑर्डर हातची गेली की कारखान्याला टाळं!

गिऱ्हाइकाने पोच्यावरून हात फिरवला आणि त्याचे डोळेच भरून आले. "आजी, अगदी माझ्या वडिलांच्या गाडीसारखा! उरलेल्या तिन्ही दरवाजांना असाच पाडून द्या."

 

धाकट्याने फुटलेल्या डोक्याला फडकं घट्ट बांधलं. "ये दादा, आता तुझ्या डोक्याची पाळी. हे काम फायबरला नाही जमायचं."