रेषेच्या आतला चेंडू

"शालनताई, स्मरणिकेत त्या फायनलचं तुम्हीच लिहा," क्लबच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. इचलकरंजीच्या या महिला हँडबॉल क्लबने राज्य अजिंक्यपद एकदाच जिंकलं होतं, पंचवीस वर्षांपूर्वी, एका गोलच्या फरकाने. तेव्हा शालन गोलकीपर होती.

शालनने लिहिलेलं पान फाडलं आणि मिरजेची एसटी धरली. तिथे रेहाना मुजावर राहायची. त्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला रेहानाने मारलेला चेंडू शालनने अडवला, असं पंचांनी ठरवलं होतं. रेहानाच्या मिरज संघाची बरोबरी हुकली. रेहाना पंचांशी भांडली, तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि तिचा खेळ कायमचा सुटला.

रेहाना ब्लाउज शिवत बसली होती. तिने शालनला ओळखलं, खुर्ची पुढे केली. शालन उभीच राहिली.

"तुझा चेंडू रेषेच्या आत पडला होता. पंचांना दिसायच्या आधी मी तो पायाने बाहेर काढला. स्मरणिकेत मी तेच लिहिणार आहे."

रेहानाने मशीन थांबवलं.

"गोल झाला होता, हे मला माहीतच होतं गं," ती म्हणाली. "तुलाही माहीत आहे का, एवढंच पंचवीस वर्षं कळत नव्हतं."