एका माणसाची जागा

"टायमर दहा सेकंदांचा आहे. मी पळत येतो. कुणी हलायचं नाही," गोरक्षने ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्यामागून बजावलं.

पुनावळ्याच्या त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवला होता. खुर्चीवर त्याची आई गवराबाई, तिच्यामागे बायको वर्षाराणी आणि वर्षाराणीला खेटून हर्षाली. आज हर्षालीचा दहावा वाढदिवस. केक सकाळी नऊलाच कापून झाला होता, कारण अकरा वाजता चाकणला एका लग्नाची हळद होती आणि ते काम गोरक्षकडे होतं.

ऐन वैशाखात जन्मलेल्या पोरीचा बाप लग्नाचे फोटो काढणारा असला, तर तो वाढदिवसाला सापडणार कसा? तरी मागच्या भिंतीवर नऊ वाढदिवसांचे नऊ फोटो ओळीने लावलेले होते. त्या प्रत्येक फोटोत गोरक्ष होता आणि त्यातल्या एकाही वाढदिवसाला तो घरी नव्हता.

ही त्याच्याच धंद्यातली युक्ती. लग्नात एखाद्या भावाला कंपनीने रजा दिलेली नसते, एखादे आजोबा लग्न बघायच्या आधीच गेलेले असतात. ग्रुप फोटोत त्यांच्यासाठी एका माणसाची जागा सोडायला गोरक्ष सांगायचा आणि मागाहून कॉम्प्युटरवर तिथं माणूस बसवून द्यायचा. घरच्यांनी तेच उचललं. वाढदिवसाला वर्षाराणी शेजारणीच्या हातात मोबाइल द्यायची, स्वतः शेजारी जागा सोडून उभी राहायची, आणि पावसाळ्यात कामं थंडावली की गोरक्ष स्वतःला त्या जागेत बसवायचा. त्यासाठी त्याच्याकडे स्वतःचा एकच धड फोटो होता, स्टुडिओ उघडला त्या दिवशी लाइट तपासायला काढलेला. निळा शर्ट आणि सगळे दात दिसतील असं हसू. नऊ फोटोंत हर्षाली आईच्या कडेवरून उतरून खांद्याला लागली, गवराबाईंचे केस पांढरे झाले, वर्षाराणीला चष्मा लागला. गोरक्षचा शर्टसुद्धा बदलला नाही.

यंदा मात्र त्याने ठरवलं होतं, एकदा तरी खरंखुरं फोटोत उभं राहायचं. पाठवणीच्या वेळी लोकांच्या लेकी बापाच्या गळ्यात पडायच्या, तेव्हा कॅमेऱ्यामागे त्याचेही डोळे भरून यायचे. ते काही त्या नवरीसाठी नसायचे. हर्षालीच्या खांद्यावर हात ठेवलेला एक फोटो त्याला हवा होता. तिचा खांदा आपल्या खांद्याला लागायच्या आत.

फोन वाजला. नवरीचे वडील हिंदुराव होते.

"गोरक्षभाऊ, कुठवर आलात? नवरी पाटावर बसली राव!"

"देहूरोड सोडलं बघा. पोचतोच," गोरक्ष म्हणाला. त्याच्या पायात अजून मोजेसुद्धा नव्हते. वर्षाराणीने तोंडाला पदर लावला आणि हर्षाली फिसकन हसली.

"आटपा आता," वर्षाराणी म्हणाली. "नाहीतर याही वर्षी मागाहूनच बसवावं लागेल तुम्हाला."

"गोरक्ष, म्या कुठं बघू रं?" गवराबाईंनी विचारलं. मोतीबिंदूमुळे त्यांना समोरचं सगळं धुरकट दिसायचं.

"समोर बघ आई. लाल दिवा लुकलुकतोय ना, तिकडं."

त्याने बटण दाबलं आणि धावला. कॅमेऱ्याची टिकटिक सुरू झाली. पोचता पोचता हर्षाली जराशी त्याच्या बाजूला सरकली. आपल्याजवळ येतेय, असं त्याला वाटलं आणि त्याला फार बरं वाटलं. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा अपेक्षेपेक्षा उंच होता. फ्रॉकला नव्या कापडाचा वास येत होता. हे दहा सेकंद तीस असते तर, एवढंच त्याच्या मनात आलं आणि फ्लॅश पडला.

"आला का?" म्हणत सगळे कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याभोवती जमले. सवयीने त्याने आधी फोकस बघितला. बरोबर होता. उजेडही बरोबर होता. मग त्याची नजर बाकीच्या फोटोवर गेली.

तो स्वतः उजव्या कडेला होता, अर्धा खांदा चौकटीबाहेर कापला गेलेला. हर्षाली त्याच्याजवळ होती. आणि हर्षाली व वर्षाराणी यांच्या मध्ये एका माणसाची जागा होती. नीट मोजून सोडल्यासारखी. वर्षाराणीने त्या बाजूचा पदरसुद्धा आवरून धरला होता.

"अगं, तू सरकलीस कशाला?" वर्षाराणी हर्षालीला म्हणाली.

"तूपण सरकलीस की! फोटो म्हटलं की सरकायचं असतं ना?"

गवराबाईंचं तोंड लाल दिव्याकडे नव्हतंच. त्या मान वळवून त्या मोकळ्या जागेकडे बघत होत्या, तोंडभर हसत.

"आई, तिकडं काय बघत होतीस? मी तर या बाजूला होतो."

"मला दिसतंय व्हय? दरसाली तू तितंच असतोस म्हनून तिकडं बघितलं."

टायमर पुन्हा लावायला गोरक्षने हात पुढे केला, तोच फोन वाजायला लागला. पुन्हा हिंदुराव. वर्षाराणीने कॅमेऱ्याची बॅग उचलून दाराशी नेऊन ठेवली.

हर्षालीने आधी बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग पडद्यावरच्या त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"असू दे पप्पा, तुम्ही जा," ती समजूत घालत म्हणाली. "इथं निळ्या शर्टातले पप्पा बसवू. ते घरीच असतात."