सतराचा खिळा

बॉयलरच्या साफसफाईला आत उतरणाऱ्याने गळ्यात नंबरचा पितळी बिल्ला घालायचा आणि बाहेर आल्यावर तो दारातल्या डब्यात टाकायचा, हा आमच्या अंबडच्या कारखान्यातला नियम. सकाळी चोवीस जण उतरले. दुपारी मी डबा टेबलावर उपडा करून बिल्ले मोजले, बरोबर चोवीस. "चला, पेटवा," मी ऑपरेटरला म्हणालो. बिल्ले सांभाळणाऱ्या कुसाबाई बॉयलरच्या दारातून हलल्या नाहीत. "खिळ्यांवर लावल्याबिगर नाय." "मावशी, मोजलेत मी. उशीर होतोय." "साहेब, तुम्ही किती ते मोजलं. कोण कोण ते नाय पाह्यलं. माझ्या डोक्यात चोवीस नंबर राहत नाय, म्हणून तर भिंतीला खिळे हायेत." त्या एकेक बिल्ला ज्याच्या त्याच्या नंबरच्या खिळ्याला अडकवू लागल्या. नऊ नंबरच्या खिळ्यावर दोन बिल्ले आले. शेखर ओशाळून पुढे झाला. "मागच्या साली माझा हरवला म्हणून नवा दिला होता. जुना आज पँटच्या खिशात सापडला, तर जमा करायला दोन्ही टाकले." सतराचा खिळा मोकळाच होता. मी टॉर्च घेऊन आत शिरलो. अमोल पार मागे, कानात बोळे घालून, निवांत काजळी खरवडत होता. त्याला हाताला धरून बाहेर आणलं. कुसाबाईंनी त्याच्या गळ्यातला बिल्ला काढून सतराच्या खिळ्याला अडकवला आणि मगच दारातून बाजूला झाल्या. "आता पेटवा, साहेब." तोच शब्द ऑपरेटरला सांगायच्या आधी मी दोन ग्लास पाणी प्यायलो.