दोन झिराडकर

"नऊच," हनोखने तिसऱ्यांदा मोजून सांगितलं.

दुपारी वडिलांना माती दिली होती. आता दिवस बुडायच्या आत कद्दीशची प्रार्थना म्हणायची, तर दहा यहुदी पुरुष हवेत. सबंध औरंगाबादेत त्यांची घरं ती किती! मनमाडच्या रेल्वेतले पाच जण धावून आले म्हणून नऊ तरी भरले. दहावा जालन्याहून येणार होता. गाडी येऊन गेली, तो आला नाही.

तेवढ्यात शेजारचे दत्तोपंत आत आले. अंघोळ करून, डोक्याला टोपी घालून.

"नऊच झालेत म्हणं. दहावा मी बसतो."

हनोखला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "काका, तुम्ही कसं..."

"मी झिराडकर नाही का?"

यात खोटं काहीच नव्हतं. पोलिस ॲक्शननंतर हनोखचे वडील, अब्राजी, पोस्टात बदलून आले आणि शेजारच्या दारावर आपलंच आडनाव बघून थबकले. हे बेने इस्राएल, ते ब्राह्मण. मूळ गाव मात्र एकच, अलिबागेजवळचं झिराड. अब्राजी सांगायचे, "आमचे पूर्वज गलबत फुटून कोकणात लागले. ज्या गावानं ठेवून घेतलं, त्याचं नाव लावलं." झिराड दोघांपैकी एकानेही पाहिलं नव्हतं, पण भावकी अशी जमली की सख्ख्यांनी हेवा करावा.

मनमाडहून आलेल्या पाचांतल्या म्हाताऱ्याने हळूच मान हलवली. नाही.

"काका, यात गाव धरत नाहीत," हनोख म्हणाला आणि म्हणताक्षणी त्याला स्वतःची लाज वाटली.

"बरं," म्हणून दत्तोपंत निघाले. चपला उंबऱ्याबाहेर तशाच राहिल्या.

दिवस बुडाला. प्रार्थना राहिली ती राहिलीच.

हनोख चपला घेऊन शेजारी गेला. रोज तिन्हीसांजेला त्या घरात घंटा वाजायची. आज देवघरात दिवासुद्धा नव्हता. दत्तोपंत भिंतीशी चटईवर बसले होते.

"काका, पूजा नाही केली?"

"सुतक आहे ना, बाबा. भाऊ गेला." त्यांनी चपलांकडे पाहिलंही नाही. "आमच्यात दहा दिवस पाळतात. माणसं मोजत नाहीत."