बुजवलेली विहीर

वाढत्या शहरांची उपग्रहचित्रं तपासणं हे वैष्णवीचं रोजचं काम. एका दुपारी तिनं सहज आपल्या मांजरी गावाच्या परिसराची चित्रं वर्षावार लावली. उसाचे हिरवे तुकडे आक्रसत होते, करड्या इमारती पसरत होत्या.

पहिल्या चित्रात काळा गोल ठिपका होता. त्यांची विहीर. जमीन विकताना अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, स्वतः उभं राहून ती बुजवून घेतली होती.

पुढच्या चित्रात ठिपका रस्त्यापलीकडे सरकला होता, त्यांच्या भाड्याच्या घराच्या अंगणात. ते घर सोडून सगळे हडपसरला पाचव्या मजल्यावर राहायला आले, त्या वर्षी तो कालव्यापाशी होता. मग बाजारापाशी.

तिनं या आठवड्याचं चित्र उघडलं. ठिपका त्यांच्याच इमारतीवर होता.

तिनं घरी फोन लावला.

"अण्णा, कुठे आहात?"

"घरातच हाय की. आता कुठं जायचं ऱ्हायलंय मला?"

त्यांचा आवाज घुमत होता.

"अण्णा, ताबडतोब खाली या."

"खालीच तर हाय, पोरी," अण्णा शांतपणे म्हणाले. "आभाळ केवढंसं दिसतंय इथनं."