वळणावरची गिट्टी

आलापल्लीच्या पुढे, सागाच्या जंगलातल्या एका वळणावर लाइनमन हेमराजची मोटरसायकल गिट्टीवरून घसरली. पाय मोडला आणि तो एका सागाखाली दोन तास हाका मारत पडून राहिला. गाड्या जरा हळू व्हायच्या, "पेऊन पडला असन," म्हणायच्या आणि निघून जायच्या.

हाड बसलं, पण टायरवर भरवसा बसेना. कामावर जाताना ते वळण आलं की तो खाली उतरायचा, रस्त्यावरची गिट्टी वेचून त्या सागाच्या बुडाशी टाकायचा आणि गाडी ढकलत पलीकडे न्यायचा. येणारे-जाणारे नुसते बघायचे. असं का करतो, ते कोणी विचारलं नाही.

मग चार महिने त्याची ड्यूटी दुसऱ्या लाइनवर लागली. तेवढ्यात त्याने नवे टायर टाकले, रिकाम्या मैदानात एकट्यानेच वळणं गिरवली. परत आला त्या सकाळी मन घट्ट करून, नजर फक्त रस्त्यावर ठेवून, ब्रेक न दाबता, त्याने गाडी कलती केली. टायर रस्त्याला धरून राहिले. वळण मागे पडलं आणि कित्येक महिन्यांनी तो स्वतःशीच हसला.

"ओ भाऊ!" मागून एक म्हातारी ओरडली. "उतरून दगड ठेवा लागते इथी! नाई तं देव पाडते, मालूम नाई का?"

त्याने वळून पाहिलं. सागाखाली कमरेएवढा दगडांचा ढीग, वर शेंदूर, नारळं. शेजारी तीन गाड्या उभ्या.

ज्या सागाजवळ त्याच्यासाठी एकही गाडी थांबली नव्हती, तिथून आता एकही गाडी थांबल्याशिवाय पुढे जात नव्हती.